सुभानजींची तिथी

"आमचे सुभानजी कुठं आहेत?"

धोतर, काळा कोट आणि कानाला घट्ट मफलर अशा वेषातला एक उंच म्हातारा माझ्यासमोर उभा होता. जुन्या किल्ल्याच्या दरवाज्यात मी माझी चाळीस माणसं मोजत होतो, तो तेविसाव्यावर अडखळलो. फेब्रुवारीतली सकाळ होती, खंदकावरचं धुकं अजून उठलं नव्हतं. मला वाटलं, यांच्यातलं कुणी हरवलं. दिल्लीत मराठी माणूस हरवायला फार वेळ लागत नाही.

"कोण सुभानजी? बसमध्ये राहिलेत का?"

"बसमध्ये कसे राहतील?" म्हातारा शांतपणे म्हणाला. "पानिपतावर गेले होते. तुम्हीच शोधून काढलेत ना? अरब सराईतले. मी आबा पोळ, निवृत्त मुख्याध्यापक. हे तुमचं कार्ड."

त्यांच्या हातात एक पोस्टकार्ड होतं. अक्षर माझंच होतं, आणि खाली ऐटीत केलेली सहीही माझीच होती: जयंत नाझरकर, गाईड व इतिहास अभ्यासक. मला त्या थंडीत घाम फुटला.

हे प्रकरण सुरू झालं होतं दोन वर्षांपूर्वी. माझा जन्म करोलबागेतला, वडील सरकारी कारकून. इतिहासात बी. ए. झालो, नोकरी काही मिळाली नाही, म्हणून महाराष्ट्रातून येणाऱ्या सहलींना दिल्ली दाखवायचो. सकाळची फेरी पायी असे. जुन्या किल्ल्यापासून निघायचं आणि हुमायूनच्या कबरीपाशी संपवायचं. किल्ल्यात लोक उत्साहात असत. कबरीपाशी पोचेपर्यंत पाय बोलू लागत आणि चेहरे उतरत. एकदा माणदेशातले एक पोळ पाटील अरब सराईच्या दरवाज्याजवळ बसकण मारून म्हणाले, "अहो, ह्या बादशहांच्या कबरी बघून आम्ही करायचं काय? आपल्या माणसाचं काही असेल तर बोला."

त्यांच्या रेक्झिनच्या बॅगेवर पांढऱ्या रंगात मोठ्ठं 'पोळ' लिहिलं होतं. माझी नजर बॅगेवर गेली आणि हात भिंतीकडे. भिंतीत कोनाड्यांसारख्या पडक्या खोल्यांची रांग होती. एका कोनाड्याच्या दगडावर कुणीतरी घोड्याच्या नालासारखं काहीतरी ओरखडलेलं होतं.

"पानिपतानंतर एक जखमी मराठा घोडेस्वार इथवर आला," मी म्हणालो. "एका पायाने अधू. ह्या कोनाड्यात दोन वर्षं राहिला. रोज संध्याकाळी दक्षिणेकडे तोंड करून बसायचा. आडनाव पोळ होतं म्हणतात."

पाटील ताडकन उठले. "नाव?"

"नाव कुणाला ठाऊक नाही. सराईतले लोक दादा म्हणायचे."

थाप मारण्यात माझा हात धरणारा तेव्हा दिल्लीत कुणी नव्हता. पाटलांनी त्या दगडाला डोकं टेकवलं, बाकीच्यांनी फोटो काढले, आणि त्या दिवशी परतताना कुणी पायाची तक्रार केली नाही. मग मी ती गोष्ट प्रत्येक ग्रुपला सांगू लागलो. तिच्यात कबुतरं आली, एक दयाळू भिस्ती आला. सहा महिन्यांनी पाटलांचं पत्र आलं: घोडेस्वाराची मृत्यूतिथी कळवावी. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि 'माघ शुद्ध त्रयोदशी' असं पोस्टकार्डावर खरडून टाकलं. इतकी साधी गोष्ट होती ती.

आणि आता आबा पोळ त्याच तिथीला हजर झाले होते.

"आमच्या घराण्यातले सुभानजी पानिपताला गेले ते परत आले नाहीत," ते शाळेत शिकवावं तसं सांगू लागले. भोवती माझीच माणसं गोळा झाली. "मेल्याची खबर नाही, म्हणून श्राद्ध नाही. बायकोने कुंकू पुसलं नाही. रात्री-बेरात्री ते येतील आणि दार बंद दिसेल, म्हणून तिने दाराची कडी काढून टाकली आणि स्वतः उंबऱ्याशी झोपू लागली. तेव्हापासून आमच्या घराला कडी नाही. घरातली थोरली सून उंबऱ्याशी झोपते. एक रात्रही बाहेर राहत नाही. सव्वादोनशे वर्षं झाली, दार कधी रिकामं राहिलं नाही."

"हल्ली कोण झोपतं?" गर्दीतल्या एका बाईने विचारलं.

"या आमच्या वहिनी. सोनाक्का. पन्नास वर्षं झाली."

तेव्हा मी त्यांना पाहिलं. पासष्टीच्या, काटक, कपाळ मोकळं, हिरव्या काठाचं लुगडं आणि त्यावर पुरुषी स्वेटर. गर्दीच्या मागे उभ्या राहून त्या किल्ल्याच्या दरवाज्याकडे बघत होत्या. एवढा थोरला दरवाजा सताड उघडा ठेवून पहारेकरी शेकोटीपाशी बसला होता, ते त्यांना नवलाचं वाटत असावं.

"भावकीची बैठक झाली," आबा पुढे म्हणाले. "ठरलं असं, की जिनं दार राखलं तिनंच स्वतः जागा बघून यायची. आणि ज्यानं शोध लावला त्यानं त्या जागी बेलभंडार उचलायचा. मग आम्ही तीळ-पाणी सोडू आणि सुभानजी गेले असं मानू. नाहीतर आहे ते चालू."

त्यांनी खांद्याच्या झोळीवर हात ठेवला. आत बेलाची पानं होती, आणि भंडाऱ्याची पिवळी पुरचुंडी होती. निघताना खंडोबाच्या देवळातून आणलेली.

मी देवभोळा नाही. पण आमचं कुलदैवत जेजुरीचं. करोलबागेतल्या दोन खोल्यांत आई चंपाषष्ठीला तळी भरते, आणि लहानपणी मी खोटं बोललो की ती मारायची नाही, फक्त म्हणायची, "भंडारा उचल आणि सांग." मी लगेच खरं सांगून मोकळा व्हायचो. थापा मारायला माझी ना नव्हती. बेलभंडार उचलून थाप मारणं मात्र माझ्याने होणार नव्हतं. आणि खरं सांगावं तर चाळीस माणसांसमोर माझी अब्रू जाणार, सहल कंपनी मला हाकलणार, आणि ज्या बाईने माझ्या शब्दावर पन्नास वर्षांत पहिल्यांदा रात्रीचं दार सोडलं तिला मी सांगणार, की बाई, मी बॅगेवरचं आडनाव वाचलं होतं.

तोवर ग्रुप भारावून गेला होता. पुण्याच्या एका जोडप्याने विचारलं, आम्हीही पाणी सोडलं तर चालेल का.

मी वेळ काढायचं ठरवलं. जुन्या किल्ल्यात मी एरवी पाऊण तास घेतो, त्या दिवशी पावणेदोन घेतले. ज्या जिन्यावरून हुमायून पडला, तो मी वरून, खालून आणि चारी बाजूंनी दाखवला. मशिदीची एकेक कमान मोजायला लावली. वाटलं, ऊन चढेल, कुणीतरी भुकेने कासावीस होईल, आबांचा गुडघा तरी दुखेल. पण आबा माणदेशातले. ते माझ्यापुढे दोन पावलं चालत होते आणि वळून विचारत होते, "आता सराईच ना?"

बाहेर पडल्यावर मथुरा रोडच्या कडेने आमची रांग निघाली. एरवी मी पुढे असतो आणि लोक मागे. त्या दिवशी मला कुणीतरी मागून हाकत नेत असल्यासारखं वाटत होतं. डावीकडे गाड्यांची वर्दळ, उजवीकडे भिंत, पुढे आबा, मागे चाळीस भाविक. पळून जावं असाही विचार आला. आलेली सिटी बस दिसली, पायरीवर पाय ठेवला की सुटलो. पण माझ्या हातात छत्री होती, ग्रुपला दिसावी म्हणून उंच धरलेली, आणि ती टाकून पळण्याइतका मी धीट नव्हतो.

"गाईड," शेजारून आवाज आला. सोनाक्का माझ्या बरोबरीने चालत होत्या. "न्याहरी केलीस का रं?"

"नाही."

त्यांनी कमरेच्या पिशवीतून दशमीचा तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला. मी तो हातातच धरून चालत राहिलो.

"तुझं लगीन झालंय?"

"नाही, आक्का."

"आई हाय?"

"आहे."

"तिचं म्हायार कुठलं?"

"नगरचं. दरवर्षी मे महिन्यात जाते."

"बरं हाय," त्या म्हणाल्या. पुढे एका चौकात गाड्या थांबायची वाट बघताना म्हणाल्या, "माझं म्हायार दोन कोसावर. आई गेली तवा सकाळी गेले, तिला पोचवली, आन दिवस मावळायच्या आत माघारी आले. रात काढली न्हाई."

तो तुकडा मी रुमालात बांधून खिशात ठेवला.

हुमायूनच्या कबरीचं फाटक त्या दिवशी बंद असावं असा मी नवस बोललो होतो. ते उघडं होतं. अरब सराईच्या दरवाज्याशी आलो तेव्हा मी सगळ्यांना चौथऱ्यावर बसायला सांगितलं, पाणी प्या म्हणालो. आबा झोळी सोडून बसले. त्यांनी पानं पुसली, पुरचुंडी उघडली, तांब्यात तीळ टाकले. भावकीतले दोघं पुरुष बरोबर होते, त्यांनी टोप्या सारख्या केल्या.

सोनाक्का एकट्याच भिंतीपाशी गेल्या. मी त्यांच्या मागे गेलो. कोनाड्यात पालापाचोळा होता, कबुतरांची घाण होती आणि कुणीतरी फेकलेलं सिगारेटचं पाकीट होतं. दगडावरचा तो नाल त्या दिवशी मला मुळीच नालासारखा दिसेना.

"आक्का," मी हळू आवाजात म्हणालो. "मला तुम्हाला एक सांगायचंय. इथे कुणी नव्हतं. घोडेस्वार, सराई, तिथी, सगळं मी रचलेलं आहे. तुमच्या पाटलांच्या बॅगेवर आडनाव होतं, ते मी वाचलं. माझी चूक झाली. मी आबांना आत्ता सांगतो."

त्यांनी वळून पाहिलं नाही. हाताने कोनाड्यातला पाला बाजूला करत होत्या, घरची फडताळं साफ करावीत तशा.

"ठावं हाय मला," त्या म्हणाल्या.

मी हातातली छत्री भिंतीला टेकवली.

"पाटलानं पारावर सांगितलं तवाच वळाखलं म्या. आरं, पाय मोडका घिऊन जो पानिपतापसनं दिल्लीला येतो, त्यो फुडं घरला न्हाई यायचा? दोन वरीस हितं बसून ऱ्हायला, दक्षिणेला तोंड करून, आन येका वाटसराकडं निरोप न्हाई धाडला? असा माणूस नसतो." त्यांनी पाल्याचा ढीग बाहेर लोटला. "आन असलाच, तर त्याच्यासाठी आमी सात बायांनी दार कशापायी राखलं?"

मागे आबा खाकरले. "झालं का, नाझरकर?"

"पाच मिंटं थांबा की भाऊजी," सोनाक्का मोठ्याने म्हणाल्या. मग पुन्हा खालच्या आवाजात, "माझ्या सुनेला सातवा लागलाय. शैला तिचं नाव. पैल्या बाळंतपणाला म्हायारी जायाचं म्हणती. भाऊजी म्हणत्यात, दार कोण राखनार? पैलं पोर माझं त्या उंबऱ्यातच झालं, सुईण यायच्या आधी. ऱ्हायलं न्हाई." त्यांनी हात लुगड्याला पुसले. "आत्ता ती निजती तितं. म्या हितं आले म्हणून पोटुशी पोर चार रात्री दारात निजलीया. घरला जाऊन तिला काय सांगू?"

"पण मी बेलभंडार कसा उचलू?" मला रडू येत होतं, आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. "आक्का, माझं कुलदैवत जेजुरीचं आहे."

"मंग बरंच की," त्या म्हणाल्या. "वळखीचा द्येव हाय. परका असता तर आवघाड होतं."

मी चौथऱ्याकडे वळलो. आबांनी माझ्या उजव्या हातावर बेलाचं पान ठेवलं, त्यावर चिमूटभर भंडारा टाकला. चाळीस माणसं उठून उभी राहिली. कबुतरांची फडफड तेवढी ऐकू येत होती.

"थांबा," सोनाक्का म्हणाल्या. पुढे येऊन त्यांनी आपला तळहात माझ्या हाताखाली धरला. "मीबी हात लावते. दार म्या राखलंय."

आबांनी क्षणभर विचार केला आणि मान हलवली. सोनाक्कांचा हात खरखरीत आणि स्थिर होता. त्या माझ्याकडे न बघता पुटपुटल्या, फक्त मला ऐकू येईल असं, "निम्मं माझ्याकडं."

"म्हणा," आबा म्हणाले.

मी म्हणालो. खंडोबाची आण घेऊन सांगतो, पोळांचा माणूस ह्या जागी माघ शुद्ध त्रयोदशीला गेला. एका दमात म्हणालो. आयुष्यात इतकी आखूड थाप मी कधी मारली नव्हती. तिच्यात कबुतरं नव्हती आणि भिस्तीही नव्हता.

आबांनी तीळ-पाणी सोडलं. तो ताठ माणूस मग एकाएकी खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. सव्वादोनशे वर्षांचं रडणं त्याच्या वाट्याला आलं होतं, आणि ते खोट्या जागी सांडत होतं. मला ते बघवेना. सोनाक्का रडल्या नाहीत. त्यांनी मला विचारलं, हितनं पोस्ट हापिस कुठं हाय, घरला तार करायचीय. मी त्यांना निजामुद्दीनच्या तार ऑफिसात घेऊन गेलो. मजकूर त्यांनीच सांगितला, मी हिंदी फॉर्मवर इंग्रजी अक्षरांत लिहिला: कडी बसवा.

उन्हाळ्यात शैलाचं पत्र आलं. मुलगी झाली, माहेरी झाली. लोहार आला तेव्हा चौकटीला कडीची भोकंच नव्हती, ती नव्याने पाडावी लागली. शेवटी लिहिलं होतं, आक्का अजून उंबऱ्याशीच झोपतात. सवय मोडत नाही म्हणतात. पण आता कडी घालून झोपतात.

इथे माझी सुटका व्हायला हवी होती. पण पुढच्या माघात आबांचं पत्र आलं: त्रयोदशीला भावकीतले दोघं येत आहेत, आपण जागेवर असावे. मी गेलो. त्याच्या पुढच्या वर्षीही गेलो. आबा वारले, त्यांचे मुलगे येऊ लागले. कधी दोघं, कधी बारा, एकदा तर अख्खी बस. येऊन दगडाला फूल वाहायचे, माझ्या पाया पडायचे आणि म्हणायचे, तुम्ही नसता तर. मी गाईडचं काम सोडलं, एका शाळेत शिकवू लागलो, निवृत्त झालो. पण माघ शुद्ध त्रयोदशीला मी दिल्ली सोडली नाही. ते येतील आणि जागेवर कुणीच नसेल, ह्या विचाराने मला झोप यायची नाही. नाशिकला नातीचं बारसं त्याच दिवशी आलं, मी गेलो नाही. बायको म्हणाली, तुमचा कोण लागतो तो घोडेस्वार? अठ्ठावीस वर्षं मी त्या भिंतीशी उभा राहत आलो. तिकडे आता दुरुस्ती झाली, बागा झाल्या. तो दगड बदलून नवा आला, त्यावर काहीच कोरलेलं नाही. पोळ मंडळी त्यालाच फूल वाहतात.

गेल्या माघात फक्त एक मुलगी आली. जीन्स, पाठीवर सॅक, डोळ्यांवर चष्मा. पुण्याहून विमानाने आली होती आणि संध्याकाळी परत जाणार होती.

"मी ऋतुजा," ती म्हणाली. "शैलाची मुलगी."

माहेरी झालेली ती हीच.

"आजी गेली," ती म्हणाली. "दिवाळीत. त्र्याण्णव वर्षांची होती. आम्ही विचारलं, गावी नेऊ का, तर म्हणाली, न्हाई, मला म्हायारी न्या. शेवटचे दोन महिने तिथेच होती. भाच्यांच्या घरी."

आम्ही चौथऱ्यावर बसलो. तिने सॅकमधून डबा काढला आणि एक दशमी माझ्या हातावर ठेवली. मग जरा घुटमळून म्हणाली, "आजीने तुमच्यासाठी एक निरोप दिलाय. मला त्याचा अर्थ कळला नाही. विचारलं तर म्हणाली, त्याला बरोबर कळंल."

"काय निरोप?"

तिने मोबाईल काढला. निरोप चुकू नये म्हणून तिने तो आजीच्याच आवाजात भरून घेतला होता. आवाज खोल गेला होता, धाप लागत होती, पण शब्द स्पष्ट होते.

"गाईडला म्हणावं, लई राखलंस लेकरा. आता तूबी कडी घाल, आन घरला जा."

ऋतुजाने मोबाईल खिशात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी तिला काही सांगितलं नाही. दशमी खाल्ली, पाणी प्यायलो, आणि तिला फाटकापर्यंत सोडलं. एरवी मी तिथून दहादा मागे वळून त्या भिंतीकडे बघतो, कुणी उशिरा आलं तर नाही ना म्हणून. त्या दिवशी मी मागे न बघता सरळ घरी गेलो.